सायकलींचा काफिला

सकाळी शाळेच्या वेळी मालेगावच्या रस्त्याकडे जरा उभे राहून पाहा. शाळेला निघालेली एकटी सायकल क्वचितच दिसेल. कुठे तीन मुले, कुठे पाच-सहा मुली, पाठीला दप्तरे, आणि तोंडाने अखंड गप्पा. एका गल्लीतून एक सायकल निघते, चौकात तिला दुसरी भेटते, आणि मोसम पुलापर्यंत येता येता सहा-सात सायकलींचा थवा तयार होतो. भिवंडी, जळगाव, अकोला अशा शहरांत आणि खेड्यापाड्यांतही असे थवे दिसतात.

मिळून जाण्यात मजा आहेच. पण त्यामागे आणखी एक कारण असते. पुष्कळ पालक आपल्या मुलीला सायकलवर एकटीला पाठवायला तयार नसतात. 'सगळ्या मिळून जातात' असे कळले की तयार होतात. महाराष्ट्र शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून राज्यातील काही तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. सायकल मिळाली आणि सोबतही मिळाली, तर शाळा लांब असली तरी शिक्षण सुटत नाही. मात्र थव्यातल्या एकीला अपघात झाला, तर तिच्या एकटीचीच सायकल बंद होत नाही. शेजारच्या चार घरांतल्या सायकलीही भिंतीला टेकवल्या जातात. म्हणून घोळक्याने सायकल कशी चालवावी, हे नीट समजून घेतले पाहिजे.

सायकलींच्या अशा थव्याला मी काफिला म्हणतो. हा शब्द तुम्हाला उर्दूतून माहीत आहेच, मराठीतही तो चालतो. काफिल्याच्या पुढे वाटेचा माहितगार असतो. त्याला उर्दूत मीर-ए-कारवाँ म्हणतात. आपल्याही काफिल्याला असा एक मीर हवा. बहुतेक ठिकाणी जो सर्वांत जोरात सायकल हाणतो, तोच पुढे जातो. ही निवड चुकीची आहे. ज्याला रस्ता माहीत आहे आणि जो मागच्यांचा विचार करून वेग ठेवतो, त्याला पुढे ठेवावे. नवशिक्या किंवा हळू चालवणाऱ्या मुलांना त्याच्या लगेच मागे जागा द्यावी, म्हणजे त्यांच्या वेगाने सर्व जण चालतील. सर्वांत शेवटी एखादा दमदार आणि भरवशाचा गडी असावा. त्याच्या मागे कोणी राहता कामा नये. कोणाची चेन पडली, कोणाचे दप्तर घसरले, तर ते त्याला दिसते आणि तो पुढच्यांना थांबवतो. माझ्या मते शेवटच्याचे काम मीरच्या कामापेक्षा अवघड आहे, पण त्यासाठी कोणी भांडत नाही!

आता रस्त्याविषयी. सायकल हे कायद्याच्या दृष्टीनेही वाहन आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ यात वाहनाचा जो अर्थ सांगितला आहे, त्यात सायकल येते. म्हणजे डाव्या बाजूने चालणे, पुढच्या वाहनाच्या उजवीकडून पुढे जाणे, सिग्नल लाल असताना थांबणे हे नियम सायकलस्वारालाही आहेत. 'साधी सायकल तर आहे' म्हणून उलट्या बाजूने जाणारा काफिला समोरून येणाऱ्या प्रत्येक वाहनाला संकटात टाकतो.

डाव्या बाजूने जायचे, ते एकामागे एक. गप्पांसाठी दोघे-तिघे शेजारी येतात आणि अर्धा रस्ता अडतो. नेदरलँड्स या देशात दोन सायकलस्वारांनी शेजारी शेजारी चालायला कायद्याची परवानगी आहे. पण तिथे मोठ्या रस्त्यांच्या कडेला बहुधा सायकलींसाठी वेगळी वाट असते. आपल्याकडे त्याच रस्त्यावर ट्रक, रिक्षा, हातगाड्या, कापडाच्या गाठींनी भरलेले टेम्पो आणि कांद्याचे ट्रॅक्टर असतात. तेव्हा गप्पा शाळेच्या फाटकापर्यंत राखून ठेवाव्यात. काफिला मोठा असेल, तर पाच-पाच जणांच्या तुकड्या कराव्यात आणि दोन तुकड्यांमध्ये भरपूर जागा सोडावी. त्यामुळे मागून येणारे वाहन एक तुकडी ओलांडून मधल्या जागेत येऊ शकते. वीस सायकलींची सलग माळ ओलांडायला चालकाला फार वेळ उजव्या बाजूला राहावे लागते आणि समोरून वाहन आले की तो घाईने आपल्याच अंगावर येतो.

एकामागे एक चालताना मध्ये किती अंतर असावे? थोडे गणित करू. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात सुमारे ४ मीटर पुढे जाते. पुढच्याने ब्रेक दाबला हे आपल्या डोळ्यांना दिसायला, ते समजायला आणि बोटांनी ब्रेक ओढायला साधारण एक सेकंद जातो. आपली सायकल सुमारे पावणेदोन मीटर लांब असते. म्हणजे दोन सायकली मावतील एवढी तरी जागा मध्ये हवीच. उतारावर आणि पावसात ती आणखी वाढवायची. ओल्या रिमवर ब्रेकचे रबर आधी नुसते घसरते, पाणी पुसले गेल्यावर मग पकडते. दोन्ही ब्रेक एकदम पण हळूहळू दाबावेत. नुसता पुढचा ब्रेक जोरात दाबला, तर मागचे चाक उचलले जाते. तो कोणत्या हाताला आहे, हे घरून निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

आता जी गोष्ट सांगतो, ती पुष्कळ मोठ्या माणसांनाही ठाऊक नसते. सायकलचा तोल कशावर असतो? पुढच्या चाकावर. आपण जराशा डावीकडे झुकलो, की हँडल जरासे डावीकडे वळवून स्वतःला सावरतो. हे आपण क्षणोक्षणी करत असतो, फक्त ते लक्षात येत नाही. आता समजा, तुमचे पुढचे चाक मित्राच्या मागच्या चाकाच्या बाजूला, थोडे पुढे गेले आहे. मित्र खड्डा चुकवायला तुमच्या बाजूला सरकला. त्याचे चाक तुमच्या चाकाला घासले. तुमचे हँडल आता त्या बाजूला वळू शकत नाही, म्हणजे तोल सावरता येत नाही. तुम्ही पडता. मित्राला मात्र फार तर एक हिसका बसतो आणि तो पुढे निघून जातो. गंमत अशी, की धक्का मागच्याचा, पडणाराही मागचाच. म्हणून आपले पुढचे चाक कोणाच्याही मागच्या चाकाच्या रेषेपुढे जाऊ देऊ नये.

आमच्या शाळेतल्या नववीच्या मुलींबाबत एका पावसाळ्यात असेच झाले. पाच जणी चालल्या होत्या. पुढचीला पाण्याने भरलेला खड्डा दिसला. ती काही न बोलता झटकन बाजूला झाली. दुसरीने घाबरून ब्रेक दाबला. तिसरीचे चाक दुसरीच्या चाकाला लागले आणि ती रस्त्याच्या मधल्या बाजूला पडली. मागून येणारा टेम्पो हळू होता, म्हणून चालकाला तो थांबवता आला. तिचे मनगट मोडले. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघाले, पण सायकल पुढे दोन महिने घराबाहेर आली नाही. मी घरी भेटायला गेलो, तेव्हा तिच्या अम्मीने एकच प्रश्न विचारला, "पुढचीने खड्डा पाहिला होता ना? मग ओरडून सांगितले का नाही?" मला तो प्रश्न अगदी रास्त वाटला.

काफिल्यात मागच्याला रस्ता दिसत नाही, पुढच्याची पाठ दिसते. म्हणून पुढच्याने बोलायचे. शब्द थोडे असावेत आणि सर्वांनी आधी ठरवलेले असावेत. 'खड्डा', 'वाळू', 'हळू', 'थांबा' एवढे पुरे. खड्डा ज्या बाजूला असेल त्या बाजूचा हात खाली करून दाखवावा. रस्ता खराब असेल, तर हात हँडलवरच ठेवून नुसते ओरडावे. दुसऱ्याने ते ऐकून तिसऱ्याला सांगायचे, तिसऱ्याने चौथ्याला. मागून वाहन आले, तर उलटे. शेवटचा 'गाडी' असे ओरडतो आणि तो शब्द मागून पुढे जातो. यंत्रमागांच्या खडखडाटात लहानाचे मोठे झालेल्या मालेगावच्या मुलांना मोठ्याने बोलायला शिकवावे लागत नाही, फक्त वेळेवर बोलायला शिकवावे लागते.

एक वाक्य मात्र कधीही बोलू नये. 'चला, रस्ता मोकळा आहे!' चौकात पुढचा असे म्हणतो आणि बाकीचे मान न वळवता त्याच्या मागे निघतात. रस्ता त्याच्यासाठी मोकळा होता. पाचवा तिथे पोहोचेपर्यंत तो मोकळा राहत नाही. चौक ओलांडताना प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी उजवीकडे आणि डावीकडे पाहावे. मागे राहिलो म्हणून धावपळ करू नये. पुढच्यांनी पलीकडे जाऊन, रस्त्याच्या खाली उतरून थांबावे.

ट्रकजवळ विशेष जपावे लागते. आपल्या देशात चालक उजव्या बाजूला उंचावर बसतो. ट्रकच्या डाव्या बाजूला, दाराखाली उभी असलेली सायकल त्याला दिसत नाही. शिवाय ट्रक डावीकडे वळताना मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत, ती आतून, कोपऱ्याला घासून जातात. कधी कधी ट्रक वळण्यापूर्वी जरा उजवीकडे जातो, तेव्हा डावीकडे छान मोकळी वाट दिसते. त्या वाटेत शिरू नये. ती क्षणात बंद होते. ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा आपल्याला दिसत नसेल, तर आपणही त्याला दिसत नाही असे धरून मागेच थांबावे.

मनमाडसारख्या गावात फाटकातून रूळ ओलांडावे लागतात. तिथे रुळावर सायकल सरळ काटकोनात न्यावी. तिरकी नेली, तर चाक फटीत अडकते.

कपड्यांचेही थोडे सांगतो. ओढणी, बुरख्याची किनार किंवा सलवारचे टोक चेनमध्ये वा चाकात गुंतले, तर क्षणभरही सावरायला मिळत नाही. ओढणीची टोके मागे गाठ मारून बांधावीत. सलवारच्या पायाला रबर लावावे. सायकलला चेन-कव्हर बसवून घ्यावे. दप्तर हँडलला टांगू नये, हँडल जड होऊन वळत नाही. हेल्मेट मिळत असेल तर अवश्य घालावे. कानात इयरफोन घालणाऱ्याला तर काफिल्यात घेऊच नये. त्याला 'खड्डा' ऐकू येत नाही आणि मागच्यालाही कळत नाही. पाठीवर डबलसीट बसवून नेणेही टाळावे.

रस्ता काही आपल्या एकट्याच्या काफिल्याचा नसतो. पायी जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या कानाशी सहा जणांनी ओळीने घंट्या वाजवल्या, तर तो दचकून भलतीकडेच सरकेल. लांबूनच एकाने एकदा घंटी वाजवावी आणि सर्वांनी वेग कमी करावा. समोरून जनाजा किंवा अंत्ययात्रा आली, तर सायकलवरून उतरून बाजूला उभे राहावे. रुग्णवाहिकेचा आवाज आला, की सर्वांनी एकाच बाजूला, डावीकडे व्हावे. अर्धे डावीकडे आणि अर्धे उजवीकडे झाले, की तिला मध्येच अडकावे लागते.

पंक्चर झाले, तर सर्वांनी थांबावे. शाळेला उशीर होईल ही भीती असते, हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी पाच जण मिळून उशिरा आले, तर शिक्षक कारण तरी विचारतात. एकाला रस्त्यात सोडून चौघे वेळेवर आले, तर कोणी विचारत नाही. आमच्या मुलींनी आता एक पद्धत पाडली आहे. शाळा सुटल्यावर जी आपल्या गल्लीत वळते, ती वळण्याआधीच 'मी चालले' असे सांगते आणि हात दाखवते, म्हणजे मागची गोंधळत नाही. शेवटी दोघी उरतात. त्यांपैकी जिचे घर आधी येते, ती आपल्या दारात न उतरता दुसरीला तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत सोडते आणि मग परत फिरते.