पट्ट्यावरचा खजूर

रमजानचा चाँद दिसायच्या आठ-दहा दिवस आधीच बाजारपेठेत खजुराच्या हातगाड्या लागतात. एका गाडीवर सुट्टा, पिवळसर-तपकिरी, एकमेकांना चिकटलेला इराकी जाहेदी. तागडीत टाकायचा आणि कागदात बांधून द्यायचा. शेजारच्या दुकानात पारदर्शक झाकणांच्या डब्यांत ओळीने निजवलेले अजवा, कलमी, मबरूम आणि अंगठ्याएवढे मेडजूल. गिऱ्हाईक फक्त रोजेदारच असतात असे नाही. महाशिवरात्र, एकादशीच्या उपवासाला खजूर लागतो, बाळंतिणीच्या लाडवांना खारीक लागते, ओटी भरतानाही खारीक लागते. दुकानदार सगळ्यांना एकच सांगतो, ‘चाखून बघा.’

चाखायला दिलेला एक खजूर आणि डब्यातले बाकीचे पंचवीस यांची चव, आकार, रंग सहसा सारखाच निघतो. झाडावर मात्र असे काही नसते. खजुराचा एक घड घेतला तर त्यात काही फळे अजून पिवळी, कडक आणि तुरट असतात, काही अर्धी पिकलेली, काही मऊ मधासारखी, तर काही झाडावरच सुकलेली. अरबीत या अवस्थांना वेगवेगळी नावे आहेत : खलाल, रुतब, तमर. कच्छची पिवळी-लाल ओली खारीक पावसाळ्याच्या तोंडाला आपल्याकडे येते, तो खलाल. इफ्तारच्या दस्तरखानावर येतो तो बहुतेक तमर. एकाच घडातून उतरलेल्या या मिश्र कुटुंबाला वेगवेगळ्या डब्यांत बसवायचे काम पूर्वी पूर्णपणे हातांनी व्हायचे. आता मोठ्या कारखान्यांत ते सरकत्या पट्ट्यावर होते, आणि एका खजुराचे भवितव्य ठरायला डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही.

आधी थोडे खजुराच्या पंचांगाविषयी. झाड सूर्याचे वेळापत्रक पाळते; उत्तर गोलार्धात मुख्य तोडणी ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत चालते. रमजान चंद्राचा महिना, तो दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण तेहेतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. त्यामुळे रमजान तोडणीच्या हंगामात आला तर खजूर ताजा, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये आला तर शीतगृहातला. जगात वर्षाला 90 लाख टनांहून अधिक खजूर पिकतो, त्यात इजिप्त, सौदी अरेबिया, अल्जीरिया, इराण आणि इराक आघाडीवर आहेत. भारत हा मोठ्या आयातदारांपैकी एक. या मालातला मोठा हिस्सा एका महिन्यात खपतो. महिनोन्‌महिने साठवलेला माल ठरावीक तारखेच्या आत निवडून, भरून, जहाजावर चढवायचा म्हणजे हात अपुरे पडणारच. पट्टा आला तो या घाईतून.

कारखान्यात खजूर प्लास्टिकच्या क्रेटमधून येतो. पहिले काम किडीचे. खजुरात अळी घालणारे पतंग बागेतच फळावर बसतात, म्हणून माल बंद खोलीत ठेवून धुरी देतात. पूर्वी यासाठी मिथाइल ब्रोमाइड सर्रास वापरत. ओझोनच्या थराला ते घातक असल्याने मॉन्ट्रियल करारानुसार विकसित देशांत 2005 पर्यंत आणि विकसनशील देशांत 2015 पर्यंत त्याचा सर्वसाधारण वापर बंद करायचा होता. आता फॉस्फिन, उष्णता, थंडी असे दुसरे मार्ग वापरतात. मग क्रेट उलटते ते थरथरणाऱ्या जाळीवर. काड्या, वाळू, फुलांच्या सुकलेल्या टोप्या खाली पडतात. फवाऱ्याखाली धुणे, हवेने सुकवणे, आणि मग खरा खेळ.

यंत्राला खजूर एकेकटा दिसावा लागतो, आणि खजूर तर शेजाऱ्याला धरून बसणारे फळ! त्याच्या अंगातली साखर हेच त्याचे मोल आणि हीच कारखान्याची डोकेदुखी. त्यावरचा उपाय इतका साधा आहे की कौतुक वाटावे. एकापुढे एक पट्टे लावायचे आणि पुढचा पट्टा मागच्यापेक्षा वेगाने फिरवायचा. मागच्या पट्ट्यावरचा खजूर पुढच्या पट्ट्यावर गेला की एकदम पुढे ओढला जातो, मागचा अजून हळू येत असतो, आणि दोघांत अंतर पडते. वेग दुप्पट केला की अंतरही दुप्पट. लग्नाच्या पंगतीला दारात दाटलेली गर्दी आत शिरल्यावर आपोआप पांगते, तसेच. पट्टा बहुधा निळ्या रंगाचा असतो, तोही शोभेसाठी नाही. खाण्याच्या पदार्थांत निळा रंग जवळजवळ नसतोच, त्यामुळे पट्ट्याचा तुकडा सुटून मालात पडला तर तो चटकन नजरेत भरतो.

पुढे कॅमेरे. रंग, आकार, सुरकुत्या, फाटलेली साल ते टिपतात. मेडजूलची साल गरापासून सुटून फुगते, तेवढ्यावरून त्याची प्रत खाली जाते. साध्या उजेडात हे फुगणे नीट कळत नाही. अमेरिकेतल्या ब्रिघम यंग विद्यापीठातील संशोधकांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात अवरक्त किरणांच्या जवळच्या प्रकाशात खजुराची छायाचित्रे घेऊन अशी प्रतवारी यंत्राकडून करून दाखवली होती. माणसाच्या डोळ्याला न दिसणारा हा प्रकाश सालीखालची पोकळी आणि ओलावा वेगळा दाखवतो.

दिसले, पण बाजूला कसे काढायचे? रेल्वेत सांधा बदलून गाडी दुसऱ्या रुळावर घेतात, तसे इथे फळाचा मार्ग बदलावा लागतो. पद्धती बऱ्याच आहेत. मोठ्या, नाजूक खजुरासाठी छोट्या वाट्यांची माळ असते. प्रत्येक वाटीत एक खजूर, आणि आपल्या प्रतीचा कप्पा आला की वाटी कलंडते. लहान, सुक्या मालासाठी हवेची फुंकर. पट्ट्याच्या टोकावरून फळ हवेत झेपावते, तेवढ्या क्षणात खालच्या बारीक नळीतून दाबाची हवा सुटते आणि नको असलेले फळ दुसऱ्या खळग्यात जाते.

या फुंकरीचे गणित बघण्यासारखे आहे. पट्टा सेकंदाला तीन मीटर वेगाने पळतो आणि कॅमेऱ्यापासून नळी तीस सेंटिमीटरवर आहे असे धरू. कॅमेऱ्याखालून गेलेला खजूर नळीपाशी पोहोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. साडेतीन सेंटिमीटर लांबीचा खजूर नळीवरून जायला सेकंदाच्या हजार भागांपैकी जेमतेम बारा. फुंकर तेवढ्यातच मारायची. आता समजा, पट्ट्यावर साखरेचा थर बसला, पट्टा घसरला आणि वेग दहा टक्क्यांनी कमी झाला. यंत्र जुन्या हिशेबाने फुंकर मारील तेव्हा खराब खजूर नळीच्या तीन सेंटिमीटर मागे असेल. फुंकर लागेल ती पुढच्या चांगल्या खजुराला, आणि खराब खजूर सुखरूप डब्यात जाऊन बसेल. म्हणून यंत्र घड्याळावर विसंबत नाही. पट्टा फिरवणाऱ्या रुळाला एक मोजणी-चकती लावलेली असते. पट्टा प्रत्यक्षात किती सरकला हे ती सांगते, आणि फुंकर त्यावर ठरते. तरीही पाळी संपली की पट्टे खरवडून धुवावे लागतात ते लागतातच.

आपल्या वाण्याकडे ‘सॉर्टेक्स तांदूळ’, ‘सॉर्टेक्स तूरडाळ’ असे पोत्यावर छापलेले असते. अनेकांना ते तांदळाचे वाण वाटते. मुळात ते असेच रंग ओळखून दाणे फुंकणारी यंत्रे बनवणाऱ्या लंडनच्या कंपनीचे नाव. यंत्राचे नाव मालाला चिकटले, वनस्पती तुपाला डालडा म्हणतात तसे. ईदच्या शीरखुर्म्यात पडणारा सांगली-तासगावचा बेदाणाही आता बऱ्याच ठिकाणी अशाच यंत्राखालून जातो. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण हिरवा, पिवळा, काळा वेगळा करायचे किचकट काम मानांकनाने कमी होत नाही.

यंत्र चुकत नाही असा समज मात्र करून घेऊ नये. ते कडक लावले तर खराब मालाबरोबर चांगलाही उडतो, सैल लावले तर चांगल्याबरोबर खराबही जातो. दोन खजूर चिकटून आले तर एकाच्या पापाची शिक्षा दोघांना. म्हणून चांगले कारखाने बाजूला काढलेला माल पुन्हा एकदा पट्ट्यावर सोडतात, आणि शेवटी पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना माणसे बसवतात. कडक किती आणि सैल किती, हे यंत्र ठरवत नाही. कारखान्यातला माणूस बटण फिरवून ठरवतो. ज्या शेतकऱ्याला प्रतीनुसार पैसे मिळतात, त्याच्या वर्षभराच्या कष्टाचा निकाल त्या बटणात असतो. हाताने निवडताना तो समोर उभा राहून ‘हा कसा काय खराब?’ असे विचारू शकत होता. कॅमेऱ्याशी वाद कसा घालणार? माल देणाऱ्याला बाजूला काढलेला माल बघायला मिळाला पाहिजे आणि तो का काढला हेही कळले पाहिजे. यंत्राच्या नावाखाली हा हक्क गेला तर ती प्रगती कसली?

बाजूला काढलेला खजूर फेकला जात नाही. त्याचा गर होतो, सिरका होतो, जनावरांचे खाद्य होते, आणि पाक होतो, ज्याला अरबीत दिब्स म्हणतात. हे काम फार जुने आहे. कतारमधल्या अल जुबारा या जुन्या व्यापारी शहराच्या अवशेषांत, जे 2013 पासून जागतिक वारसा यादीत आहे, ‘मदबसा’ नावाच्या खोल्या सापडल्या आहेत. जमिनीत समांतर चर, त्यावर खजुराची पोती एकावर एक रचायची. वरच्या वजनाने पाक गळतो आणि चरांतून वाहत माठात जमा होतो. ना वीज, ना पट्टा. उतार मात्र नेमका.

पण सगळाच खालच्या प्रतीचा माल पाकाला जात नाही. सुकलेला, बारीक, सालपटलेला खजूर स्वस्तात पोत्याने विकला जातो, आणि रमजानमध्ये त्याला एक खास गिऱ्हाईक मिळते : दानाची पाकिटे भरणारे. स्वस्त खजूर वाईटच असतो असे मुळीच नाही; जाहेदी स्वस्त आहे आणि उत्तम आहे. प्रश्न आहे तो घरात मेडजूल ठेवून गरिबाच्या पाकिटात किडका माल घालणाऱ्यांचा. कुरआनच्या सूरह बकरामधील 267 वी आयत नेमकी याविषयी आहे. मदिनेतले काही लोक गरिबांसाठी मशिदीत खजुराचे घड टांगत आणि त्यांतले काही जण मुद्दाम वाळके, तुटके घड आणत; त्या संदर्भात ही आयत उतरल्याचे हदीसच्या ग्रंथांत नमूद आहे. जी वस्तू तुम्ही स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही ती दानात देऊ नका, असा तिचा आशय. खजुराची पहिली प्रतवारी माणसाच्या मनातच झाली होती, असे म्हणायला हरकत नाही.

पॅकिंगच्या शेवटी भरलेले डबे धातुशोधकातून जातात. ओला आणि गोड माल स्वतःच थोडा विजेचा संकेत देतो, त्यामुळे यंत्र आधी त्या मालाला ‘शिकवावे’ लागते, आणि लोखंड, पितळ, स्टेनलेस स्टीलचे बारीक नमुने ठरावीक वेळाने पट्ट्यावरून सोडून ते जागे आहे ना हे तपासावे लागते. धातू सापडलेला डबा दांडा ढकलून कुलूपबंद पेटीत टाकतो, म्हणजे कोणी नजरचुकीने तो परत ओळीत ठेवू नये. काही ठिकाणी क्ष-किरणांचे यंत्रही असते, दगड आणि राहून गेलेल्या बिया शोधायला. बी काढलेल्या खजुराच्या पाकिटावर ‘क्वचित बी राहू शकते’ असे बारीक अक्षरांत छापलेले असते, ते वाचावे. दिवसभराच्या रोजानंतर मगरिबच्या अजानला घाईने चावलेल्या खजुरात बी निघाली तर वयस्कर माणसाचा दात जातो.

आणि अळी? धुरी दिलेल्या, कॅमेऱ्याखालून गेलेल्या खजुरातही ती निघू शकते, कारण कॅमेरा वरचे बघतो, आतले नाही. हजरत पैगंबर (स.) यांच्यासमोर जुना खजूर आला तेव्हा ते तो उघडून, आतली कीड काढून मग खात, असे अबू दाऊद यांच्या हदीससंग्रहात आहे. खजूर मधोमध उकलायचा, आत बघायचे, बी काढायची. घरातली मुले हे काम आनंदाने करतात. इफ्तारच्या आधीची दहा मिनिटे तशीही त्यांच्याने सरत नाहीत.