गेममधली धडक आणि आपलं डोकं

बारावीची परीक्षा संपली आणि भाच्याने आमच्याकडच्या कॉम्प्युटरसमोर ठाण मांडलं. ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’ नावाचा एक गेम आहे, २०१५ मध्ये पूर्ण स्वरूपात बाजारात आलेला. त्यात सुटे भाग जोडून रॉकेट बनवायचं, ते एका छोट्या काल्पनिक ग्रहाभोवती कक्षेत न्यायचं, जमलं तर चंद्रावर उतरवायचं. कक्षांचा हिशेब त्यात बऱ्यापैकी खरा आहे. पण आमच्या चिरंजीवांचा रॉकेट नीट पोचवण्यातला रस केव्हाच संपला होता. ते आता नुसत्या धडका लावत होते.

‘‘मामा, हे बघ काय होतंय,’’ एका रविवारी त्याने हाक मारली. दोन यानं एकाच उंचीवर, पण उलट दिशांनी सोडलेली. प्रत्येकाचा वेग सेकंदाला सव्वादोन किलोमीटर, म्हणजे समोरासमोर येताना साडेचार. पडदाभर स्फोट होणार म्हणून मीही खुर्ची ओढून बसलो. यानं आली आणि एकमेकांच्या आरपार निघून गेली. दोन्ही सहीसलामत.

यात भुताटकी नाही. गेम काळाचे तुकडे पाडून चालतो. साधारण दर १/५० सेकंदाला कॉम्प्युटर प्रत्येक वस्तू कुठे आहे ते पाहतो आणि कोण कोणाला टेकलं का ते तपासतो. साडेचार किलोमीटरच्या वेगात १/५० सेकंदात ९० मीटर अंतर कापलं जातं. यान जेमतेम १५ मीटर लांब. एका तपासणीला ती दोघं एकमेकांच्या अलीकडे होती, पुढच्या तपासणीला पलीकडे. मधे काय झालं ते कोणी पाहिलंच नाही.

निसर्ग मात्र डोळे मिटत नाही. १० फेब्रुवारी २००९ रोजी सैबेरियावर जवळपास ७९० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचा ‘इरिडियम ३३’ आणि रशियाचा बंद पडलेला ‘कॉसमॉस २२५१’ हे उपग्रह एकमेकांवर आदळले. वेग होता सेकंदाला ११.७ किलोमीटर. जमिनीवरून माग काढता येतील असे दोन हजारांहून जास्त तुकडे झाले. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, हे आपण शाळेत शिकलो. त्याचा अर्थ असा की सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने येणाऱ्या एक किलो लोखंडात एक किलो टीएनटीएवढी ऊर्जा असते. २० किलोमीटर वेग असेल, तर त्याच एक किलोत जवळपास ४८ किलो टीएनटीएवढी.

याचा आपल्या राज्यातला पुरावा मी तरुणपणी पाहिला आहे. एमबीबीएसनंतर बंधपत्राची नोकरी मी बुलडाणा जिल्ह्यात केली. एका सुट्टीला एसटीने लोणारला गेलो. गोमुखाच्या धारेपाशी उभं राहून खाली पाहिलं, तर सुमारे १.८ किलोमीटर रुंदीची, जवळजवळ गोल परात. मला वाटायचं, आकाशातून दगड तिरका आला असेल, तर खड्डा लांबट का नाही पडला? उत्तर पुष्कळ वर्षांनी वाचलं. दगडाचं पुढचं टोक जमिनीला टेकलं, हा ‘थांबा’चा निरोप मागच्या टोकाला ध्वनीच्या वेगाने पोचतो. खडकात तो सेकंदाला पाच-सहा किलोमीटर. दगडच त्याहून वेगाने येत असेल, तर निरोप पोचण्याआधीच मागचा भाग पुढच्यात घुसलेला असतो. मग ती टक्कर राहत नाही, स्फोट होतो. आणि स्फोटाचा खड्डा गोल असतो. लोणारच्या वयाचे अंदाज ५० हजार वर्षांपासून ५ लाख ७० हजार वर्षांपर्यंत आहेत. पण हा खड्डा धडकेचाच आहे, हे १९७३ मध्ये तिथल्या बेसाल्टमध्ये मॅस्केलिनाइट सापडल्यावर पक्कं झालं. प्रचंड दाबाच्या धक्क्याने खनिजाची काच झाली की ते बनतं.

हे सगळं ऐकून भाचा म्हणाला, ‘‘म्हणजे हळू धडक असली की काही प्रॉब्लेम नाही.’’ आणि त्याने मला गेममधला एक आकडा दाखवला. प्रत्येक सुट्या भागाला किती वेगाची धडक सोसेल ते लिहिलेलं असतं. एका माणसाच्या छोट्या कुपीला १४ मीटर प्रति सेकंद. १४ पर्यंत कुपीवर ओरखडा नाही, १५ ला चक्काचूर. आणि कुपी टिकली की आतला हिरवा प्राणी हसतमुख.

१४ मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी ५० किलोमीटर. कर्वे रस्त्यावर सिग्नल सुटल्यावर कॉलेजची मुलं याच वेगाने जातात. आणि माझा कॅज्युअल्टीचा अनुभव त्या हिरव्या प्राण्याशी अजिबात जुळत नाही.

सर्जरीच्या वर्गात आम्हाला शिकवलं होतं, प्रत्येक अपघातात तीन धडका होतात. पहिली गाडीची. दुसरी माणसाची: गाडी थांबते, माणूस त्याच वेगाने पुढे जाऊन कशावर तरी आपटतो. तिसरी आतली. कवटी थांबते, पण मेंदू पुढे जात राहतो, कवटीवर आतून आपटतो, कधी मागे येऊन दुसऱ्या बाजूलाही. छातीत महारोहिणीची कमान हलती असते आणि त्याखालचा भाग पाठीच्या कण्याशी जखडलेला, त्यामुळे नेमकी त्या सांध्यावर ती फाटते. वरून खरचटलेलंही नसतं. मऊ अवयवांत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो. सोनोग्राफीचं मशीन हाच आकडा धरून चित्र काढतं. रस्त्यावरचे वेग त्याच्यापुढे किरकोळ, म्हणून आपला लोणार होत नाही. ‘थांबा’चा निरोप वेळेत पोचतो, पण प्रत्येक अवयव आपापल्या सोयीने थांबतो, हीच अडचण.

भाच्याला मी एक सोपा भागाकार दाखवला. वस्तू किती उंचावरून पडली त्याला ती किती अंतरात थांबली त्याने भागा. जे उत्तर येईल, साधारण तितके ‘जी’, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट धक्का. हा सरासरीचा हिशेब आहे, क्षणभराचा कमाल धक्का याहून जास्त असतो. स्कूटरवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून दीड मीटरवर. स्कूटर उभी आहे, वेग शून्य, आणि तो नुसता आडवा पडून डोकं डांबरावर आपटलं असं समजू. टाळूची कातडी दबून दबून किती दबणार? अर्धा सेंटिमीटर. १५० भागिले अर्धा: ३०० जी. एवढ्या धक्क्याला कवटी फुटण्याचा, आत रक्तस्राव होण्याचा धोका खरा असतो. आता हेल्मेट घाला. आतला थर्माकोलसारखा थर चिरडत चिरडत अडीच सेंटिमीटर दबला, तर १५० भागिले अडीच: ६० जी. दोन सेंटिमीटरचा फरक!

‘‘शहरात आम्ही कुठे वेगात जातो, हेल्मेट कशाला?’’ हे वाक्य पुण्यात मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता वाद घालत नाही, हा भागाकार करून दाखवतो. त्यात वेग येतच नाही. उलट बाजूही सांगायला हवी. ताशी ५० ने डोकं थेट खांबावर गेलं, तर ते १० मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखं. तिथे अडीच सेंटिमीटर पुरे पडणार नाहीत. पण दुचाकीवरून पडणारे बरेच जण रस्त्यावर घसरत जातात, आणि डोकं जमिनीवर आपटतं ते त्या दीड मीटरच्या पडण्याने. अनेक अभ्यास एकत्र करून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी झालेला दिसला.

थांबायला अंतर मिळालं, तर शरीर किती सोसतं याची परीक्षा एका डॉक्टरने स्वतःवरच घेतली होती. अमेरिकन हवाई दलाचे जॉन स्टॅप. १० डिसेंबर १९५४ रोजी ते पट्ट्यांनी घट्ट बांधून घेऊन रॉकेटच्या घसरगाडीवर बसले, ताशी हजार किलोमीटरवर गेले आणि १.४ सेकंदांत थांबले. धक्का ४६ जी. डोळ्यांत रक्त उतरलं, काही काळ दिसेना, पण ते जगले, तेही नव्वदीच्या घरापर्यंत. पुढे मोटारीत सीटबेल्ट हवेत म्हणून ते झगडत राहिले.

आपल्याकडे २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीची कारवाई सुरू झाली, तेव्हा पुणेरी पगड्या घालून निषेध झाला. विनोद म्हणून मीही हसलो होतो. केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण रस्त्यावर गेले. त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते. मागच्या सीटवरच्यालाही हेल्मेट कायद्याने लागतं, हे आपण विसरूनच गेलो आहोत. त्याचंही डोकं दीड मीटरवरच असतं.

माझ्या लक्षात राहिलेला एक मुलगा भाच्याच्याच वयाचा. रात्री आणलेला, बेशुद्ध, एक बाहुली मोठी झालेली. त्याच्या मित्राने हेल्मेट सोबत आणलं होतं, एकही ओरखडा नसलेलं. ते त्याच्या कोपरात अडकवलेलं होतं. पोलीस दिसले की घालायचं म्हणून. त्याच्या वडिलांनी ते हेल्मेट पहाटेपर्यंत मांडीवर धरून ठेवलं होतं. ही गोष्ट मी भाच्याला सांगितली नाही. त्याला लर्निंग लायसन्स मिळालं आहे आणि त्याच्या आईला काय वाटतं ते मला ठाऊक आहे.

संध्याकाळी आम्ही नाना पेठेत गेलो. आयएसआयचा शिक्का पाहिला. हेल्मेट घालून डोकं जोरात हलवून बघायला लावलं; आपण मान फिरवली आणि हेल्मेट मागे राहिलं, तर ते मोठं आहे. हनुवटीखालची पट्टी लावून मागून पुढे ढकलून पाहिलं, निघत नाही ना. एकदा धडक बसलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही, दबलेला थर परत वर येत नाही, हे दुकानदारानेच सांगितलं. भाच्याने काळं घेतलं. येताना रिक्षातही ते घालूनच बसला होता.