परसात पुरलेले मडके

रंग न दिलेले मातीचे मडके वाफ्यात गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरले, की त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी मुळांपाशी झिरपते. भोवतालची माती कोरडी असेल तर झिरप वाढते, ओली असेल तर मंदावते. पाणी किती द्यायचे हे मातीच ठरवते, आणि हेच या पद्धतीचे खरे मोल. इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील चिनी कृषिग्रंथात तिचे वर्णन आहे. मडक्यापासून वीतभर अंतरावर काकडी, दुधी, टोमॅटोची रोपे लावावीत. पातळी पाहून पाणी भरणे मुलांनाही सहज जमते. तोंडावर झाकण मात्र हवेच, नाहीतर डास अंडी घालतात. क्षारयुक्त पाण्याने कालांतराने छिद्रे बुजतात. तेव्हा मडके काढून काथ्याने घासावे किंवा बदलावे.