विश्लेषण : गिटारचा ट्यूब अ‍ॅम्प मोठा केला की आवाज का फाटतो? खरा उपाय कोणता?

तालमीच्या खोलीत घंटेसारखा वाजणारा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर कार्यक्रमात मात्र दगा देतो. ड्रमर जोशात आला की गिटारवादक आवाज वाढवतो आणि नॉब ५ च्या पुढे गेला की सूर फाटू लागतात. ब्लूज किंवा रॉक वाजवणाऱ्याला हे फाटणे हवेच असते. जॅझ वाजवणाऱ्याला मात्र ते नको असते. अशा वेळी अ‍ॅम्प उघडून त्यात बदल करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्यातले काही बदल खरोखर उपयोगी आहेत, काही निव्वळ भास आहेत आणि काही अ‍ॅम्पच्या जिवावर उठणारे आहेत.

आवाज फाटतो म्हणजे नेमके काय होते?

ट्यूब म्हणजे जुन्या रेडिओतला व्हॉल्व्हच. गिटारचा क्षीण संकेत ती मोठा करते, पण तिला मिळणाऱ्या विद्युतदाबाच्या मर्यादेतच. संकेत त्याहून मोठा झाला की त्याच्या लाटांचे माथे छाटले जातात, आणि आपल्याला आवाज फाटल्यासारखा ऐकू येतो. हा टप्पा येईपर्यंत जी मोकळी जागा मिळते, तिला वादक ‘हेडरूम’ म्हणतात. फेंडर कंपनीचा १९६३ साली आलेला डीलक्स रिव्हर्ब हे याचे ठळक उदाहरण. दोन ६व्ही६ ट्यूब, एक १२ इंची स्पीकर आणि ताकद २२ वॅट. स्टुडिओत हा अ‍ॅम्प फार लाडका, पण जोरकस ड्रमसमोर त्याची हेडरूम लवकर संपते.

पहिली ट्यूब बदलली तर?

हा सर्वांत सोपा आणि सर्वाधिक सांगितला जाणारा उपाय. सुरुवातीच्या १२एएक्स७ ट्यूबचा वर्धनांक १०० असतो. तिच्या जागी ५७५१ बसवली तर तो ७० होतो, १२एवाय७ बसवली तर साधारण ४४. आता नॉब ५ वर नेला तरी आवाज फाटत नाही आणि वादक खूश होतो. पण नॉबवरचे आकडे ताकद दाखवत नाहीत. नळ किती उघडला, एवढेच सांगतात. टाकीतले पाणी तेवढेच राहते. शेवटच्या ट्यूब आधी २२ वॅट देत होत्या आणि आताही तेवढेच देतात. पहिल्याच ट्यूबमध्ये होणारे फाटणे यामुळे कमी होते आणि नॉब हळुवार चालतो, हा फायदा खरा आहे. मात्र स्वच्छ आवाजाची कमाल मर्यादा त्याने वाढत नाही.

मग वॅट वाढवायचे का?

इथे कानाचे गणित आडवे येते. ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला ताकद साधारण दहापट लागते. चार ६एल६ ट्यूबचा, ८५ वॅटचा ट्विन रिव्हर्ब डीलक्सच्या जवळजवळ चौपट ताकदीचा, तरी फरक जेमतेम ६ डेसिबल. वजन मात्र पाठ मोडणारे.

डीलक्समध्ये ६व्ही६ काढून ६एल६ घालणारेही आहेत. पण ६एल६ च्या तापतारेला दुप्पट प्रवाह लागतो (०.४५ ऐवजी ०.९ अ‍ॅम्पिअर). तो भार आतल्या ट्रान्सफॉर्मरला पेलेल का, हे आधी पाहावे लागते. ट्यूबचा बायस नव्याने लावावा लागतो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जुनाच राहिला तर मिळकतही बेताचीच. रेक्टिफायर ट्यूबच्या जागी डायोड लावला तर जोरात वाजवताना विद्युतदाब कमी ढेपाळतो, खर्जाचे सूर घट्ट राहतात. पण एकूण दाब वाढतो आणि ट्यूब व कपॅसिटरवर ताण येतो.

स्वस्त आणि परिणामकारक काय?

स्पीकर. गिटारचे १२ इंची स्पीकर एका वॅटला, एक मीटर अंतरावर, साधारण ९५ ते १०० डेसिबल आवाज देतात. ९७ चा स्पीकर काढून १०० चा बसवला की मिळणारा आवाज २२ वॅटचे ४४ वॅट केल्याइतकाच. सर्किटला हातही लावायचा नाही आणि जुना स्पीकर हवा तेव्हा परत बसवता येतो. नव्या स्पीकरचा ओहमचा आकडा मात्र जुन्याइतकाच हवा. दुसरे म्हणजे बासचा नॉब कमी करणे. खर्जाचे सूर सर्वाधिक ताकद खातात आणि बँडमध्ये ती जागा बास गिटारने भरलेलीच असते. जिथे चांगली ध्वनियंत्रणा आहे, तिथे तर अ‍ॅम्पसमोर माइक ठेवावा, डागणी कशाला?

जास्त स्वच्छ म्हणजे जास्त चांगले?

कंपनीलाही तसे वाटले होते. १९६५ मध्ये सीबीएसने फेंडर विकत घेतली आणि १९६८ च्या सुमारास काही सर्किट अधिक स्वच्छ आवाजासाठी बदलली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ट्विन १३५ वॅटपर्यंत गेला. अनेक वादकांना हा आवाज कोरडा वाटला. त्या काळातले अ‍ॅम्प पुन्हा जुन्या सर्किटवर आणून देणे हे कारागिरांचे नेहमीचे काम होऊन बसले. म्हणूनच जुन्या अ‍ॅम्पमध्ये बदल करण्यापूर्वी आतले फोटो काढावेत आणि काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवावा. मूळ स्थितीतल्या अ‍ॅम्पला बाजारात किंमतही जास्त येते.

घरी उघडून पाहावा का?

नाही. डीलक्समध्ये ४०० व्होल्टहून अधिक दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो टिकून राहू शकतो. हा झटका जीव घेऊ शकतो. जुने व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्त करणारा जाणकार गाठावा. अमेरिकेतून आणलेला अ‍ॅम्प बहुधा १२० व्होल्टचा असतो. आपल्याकडच्या २३० व्होल्टच्या सॉकेटला तो थेट जोडला तर फ्यूज उडतो किंवा ट्रान्सफॉर्मर जळतो. त्यासाठी अ‍ॅम्पच्या मागे लिहिलेल्या वॅटपेक्षा बऱ्यापैकी जास्त क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा आणि अर्थिंग तपासून घ्यावे.