शेततळ्याला झाकण घालावे का?

लातूर-नांदेड भागात डिसेंबरात काठोकाठ भरलेले शेततळे मेअखेरपर्यंत, एक थेंबही न उपसता, निम्म्याच्या आसपास रिकामे होते. अस्तराचा कागद शाबूत असला तरी हे घडते, कारण पाणी खाली मुरत नाही, वर उडून जाते. या बाष्पीभवनाला आळा घालण्यासाठी तळ्यावर झाकण घालण्याचे बरेच प्रकार जगभर निघाले आहेत. साध्या शेडनेटपासून बटण दाबताच सरकणाऱ्या मोटारीच्या झाकणापर्यंत. त्यांतले मराठवाड्यात काय परवडते आणि काय फुकट जाते, याचा हिशेब पाण्याच्या क्षेत्रफळापासून सुरू होतो.

‘मागेल त्याला शेततळे’ ही राज्य सरकारची योजना २०१६ साली आली आणि ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल हे माप गावोगाव ओळखीचे झाले. दीडास एक उताराने बाजू घेतल्या तर तळाशी २१ बाय २१ मीटर उरतात आणि अशा तळ्यात सुमारे १९ लाख ७० हजार लिटर पाणी मावते. वरचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर. म्हणजे एक मिलिमीटर पाणी उडाले की ९०० लिटर गेले. मार्च ते मे या काळात मराठवाड्यात उघड्या पाण्यावरून रोज ७ ते ९ मिलिमीटर पाणी उडते. आठ धरले तर भरल्या तळ्यातून दिवसाला ७,२०० लिटर जातात. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून लातूरला पोचलेल्या पहिल्या पाणी-रेल्वेच्या दहा वाघिणींत ५ लाख लिटर पाणी होते. तेवढे पाणी एका भरल्या शेततळ्यातून अडीच महिन्यांत हवेत जाते, आणि त्याची कुठे बातमी होत नाही.

पाणी उडण्याचा वेग ऊन, वारा, हवेचा कोरडेपणा आणि पाण्याचे तापमान या चार गोष्टींवर ठरतो. झाकण यांतल्या पहिल्या दोन गोष्टी अडवते. वाऱ्याकडे शेतकऱ्यांचे सहसा दुर्लक्ष होते. पाण्यालगतची दमट हवा वारा सतत ओढून नेतो आणि तिच्या जागी कोरडी हवा आणून बसवतो. म्हणून माळावरचे उघडे तळे आणि झाडांच्या आडोशाचे तळे यांत फरक पडतो. पश्चिमेच्या बाजूला, भरावापासून पुरेशा अंतरावर शेवरी किंवा बांबूची ओळ लावणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. भरावावरच झाडे लावली तर मुळ्या कागद फोडतात आणि पालापाचोळा पाण्यात पडतो, ते वेगळेच दुखणे.

झाकणांपैकी मराठवाड्याच्या आवाक्यातले म्हणजे तारांवर ताणलेले शेडनेट. स्पेनच्या आग्नेय भागात, सेगुरा नदीच्या कोरड्या खोऱ्यात सिंचनाच्या तळ्यांवर काळ्या जाळीचे छत घालून पाहिले गेले. दुहेरी काळ्या जाळीने बाष्पीभवन ८० टक्क्यांहून अधिक घटले. रोपवाटिकेतली विरळ हिरवी नेट तेवढे काम करणार नाही. तरी ७० टक्के बचत धरली, तर वरच्या तळ्यात रोज सुमारे ५ हजार लिटर वाचतील. अर्धापूरकडच्या केळीला भर उन्हाळ्यात ठिबकने झाडामागे दिवसाला १५ ते २० लिटर पाणी द्यावे लागते. वाचलेल्या पाण्यात अडीचशे ते सव्वातीनशे झाडे निघतात, म्हणजे एकराचा पाचवा-सहावा हिस्सा. एवढ्यासाठी खांब, तारा, नेट आणि मजुरी घालायची का, हा प्रश्न रास्त आहे. सोयाबीन, तूर किंवा हरभऱ्याच्या एखाद्या संरक्षित पाळीसाठी तळे असेल तर उत्तर ‘नाही’ असेच येते, कारण ते पाणी उन्हाळ्याआधीच संपलेले असते. मेपर्यंत फळबाग जगवायची असेल तर मात्र गणित बदलते. त्या वेळी पाच हजार लिटरची किंमत टँकरच्या भावाने करायची असते, आणि वाळलेल्या बागेची भरपाई पुढची तीन-चार वर्षे होत नाही.

शेडनेटचा दुसरा फायदा पाण्याच्या बचतीइतकाच मोलाचा आहे. सावलीत शेवाळ धरत नाही. उघड्या तळ्यातले हिरवे पाणी ठिबकच्या सँड फिल्टरला सारखे चोंदवते आणि ड्रिपर बंद पाडते. उन्हाळ्यात दर दोन-तीन दिवसांनी फिल्टर उलटा धुणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. अस्तराचा जो भाग पाणी उतरल्यावर उघडा पडतो, तो उन्हातल्या अतिनील किरणांनी कडक होऊन चिरतो. नेटखाली त्या कागदाचे आयुष्य वाढते. पण हाच अंधार मासे पाळणाऱ्याच्या मुळावर येतो. रोहू-कटला ज्या सूक्ष्म वनस्पती-प्राण्यांवर वाढतात, त्यांना ऊन लागते आणि पाण्यात दिवसा मिसळणारा बराचसा प्राणवायूही त्यांच्यामुळेच येतो. तळ्यात मासे सोडले असतील तर पूर्ण सावली करू नये.

नेटची खरी कसोटी एप्रिल-मे महिन्यांत लागते. वळवाचे वारे, वावटळ आणि गारपीट. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. ३० मीटरच्या गाळ्यावर ताणलेली जाळी वाऱ्यात शिडासारखी फुगते, आणि खांबाचा पाया भुसभुशीत भरावात असेल तर जाळीच्या आधी खांबच उपटतो. तारांना मधे आधार देणे, नेटचे पट्टे करून बांधणे आणि एक पट्टा फाटला तरी बाकीचे टिकतील अशी सोय ठेवणे ही कामे कंत्राटदार टाळतो, पैसे तिथेच वाचतात म्हणून.

छिद्रे नसलेले, पाण्यावर तरंगणारे प्लास्टिकचे झाकण बाष्पीभवन जवळजवळ पूर्ण थांबवते. त्याची खोट पावसाळ्यात कळते. लातूरचा ७०० मिलिमीटर पाऊस ९०० चौरस मीटरवर पडला तर थेट तळ्यात ६ लाख ३० हजार लिटर पाणी जमा होते. बंद झाकणावर ते साचते आणि बाहेर काढावे लागते. शिवाय शेततळ्याच्या बाजू उतरत्या असतात आणि पाण्याची पातळी तीन मीटर खाली जाते. काठोकाठ भरलेल्या तळ्याच्या मापाचे झाकण पाणी अर्धे झाल्यावर उतारावर चुरगळून पडते. मे महिन्यात त्याचा उपयोग कमी आणि अडचण जास्त.

तरंगत्या गोळ्यांचा प्रयोग जगात गाजला तो लॉस एंजेलिसचा. २०१५ साली तिथल्या एका जलाशयावर ९ कोटी ६० लाख काळे प्लास्टिकचे गोळे सोडण्यात आले. मुख्य हेतू उन्हामुळे पाण्यात तयार होणारे घातक ब्रोमेट रोखण्याचा होता, पाण्याची बचत ही सोबत आलेली गोष्ट. २०१८ मध्ये एका अभ्यासाने दाखवले की ते गोळे बनवायला लागलेले पाणी त्यांनी दीड-पावणेदोन वर्षांत वाचवलेल्या पाण्याहून जास्त होते. पाण्यावर सेटाइल अल्कोहोलचा अतिपातळ थर पसरवण्याचा उपाय १९५० च्या दशकापासून वापरात आहे. वारा तो थर एका काठाला ढकलून देतो, त्यामुळे तो पुन्हा पुन्हा पसरावा लागतो. सौरपट्ट्यांचे झाकण वीजही देते. नांदेडच्या खाली, गोदावरीच्याच काठावरील रामागुंडम येथे एनटीपीसीचा १०० मेगावॉटचा तरंगता सौरप्रकल्प २०२२ मध्ये पूर्ण क्षमतेने सुरू झाला. तो वीज कंपनीचा मामला आहे, एका सातबाऱ्यावरच्या शेतकऱ्याचा नाही.

मोटारीवर चालणारे झाकण मुळात आले ते गरम पाण्याचे टब आणि पोहण्याचे तलाव यांच्यासाठी. तिथे त्याला अर्थ आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ०.६८ युनिट विजेएवढी उष्णता निघून जाते, म्हणजे तापवलेल्या पाण्यावर झाकण नसेल तर विजेचे बिल वाफेबरोबर उडते. टब रोज उघडायचा असतो, झाकण जड असते, आणि ते एकट्या माणसाला उचलायला नको म्हणून मोटार. शेततळ्यात यांतले काहीच लागू पडत नाही. झाकण वर्षातून दोनदाच हलवायचे: पावसाळ्यापूर्वी गुंडाळायचे आणि परतीचा पाऊस सरल्यावर पसरायचे. तेवढ्यासाठी चार माणसे आणि दोर पुरतात. तलावाच्या सरकत्या झाकणाला दोन्ही काठांवर समांतर रूळ आणि न बदलणारी पातळी लागते. शेततळ्याला यांतले एकही नाही. पाळीपाळीने मिळणाऱ्या थ्री-फेज विजेवर ते अर्ध्यात अडकले, तर उघडेही नाही आणि बंदही नाही.

सुरक्षेची बाजू सगळ्यांत आधी पाहावी. कागदाच्या उतारावर ओल्या पायाने वर येता येत नाही, म्हणून शेततळ्यात पोहता येणारी माणसेही बुडतात. माणसाचे वजन पेलेल असे झाकण तलावांसाठी मिळते, शेडनेट मात्र ते पेलत नाही. उलट हिरव्या जाळीखाली पाणी आहे हे लहान मुलाला किंवा वासराला कळत नाही, आणि आत पडलेला जीव जाळीत गुरफटतो. नेट घातले तरी तारेचे कुंपण, बंद फाटक आणि चारही बाजूंना पाण्यापर्यंत पोचणारे गाठींचे दोर हवेतच.

सगळ्या हिशेबात एक गोष्ट राहून जाते. बरीच शेततळी पावसाच्या वाहत्या पाण्याने भरत नाहीत, बोअर आणि विहिरीच्या उपशाने भरतात. बेसाल्टच्या भेगांत, जिथे ऊन पोचतच नाही, तिथे साठलेले पाणी वीज जाळून वर आणायचे, उन्हात पसरायचे आणि मग त्यावर झाकणाचा खर्च करायचा. अशा तळ्याला नेटपेक्षा उपशाचे वेळापत्रक बदलणे फायद्याचे: पाणी लागेल तेव्हा, लागेल तेवढेच काढणे. नवे तळे खोदताना तेवढेच पाणी कमी पृष्ठभागात आणि जास्त खोलीत साठवता आले तर निम्मे काम तिथेच होते. मुरमाखाली काळा पाषाण लागला की पोकलेनचे तास वाढतात, तरी तो खर्च एकदाच होतो. नेट दर तीन ते पाच वर्षांनी बदलावे लागते.