मेहकरची ‘शीळ’, तीन मिनिटांत

फ्रान्समध्ये फोरेसारखे संगीतकार कवितेला चाल लावायचे; गायकाच्या साथीला फक्त पियानो. आपल्याकडे त्याच्या जवळचा प्रकार म्हणजे भावगीत. आणि त्याची सुरुवातीची गाजलेली रेकॉर्ड आपल्या बुलढाण्याशी जोडलेली आहे बरं का! मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ जी. एन. जोशींनी गायली, १९३२ साली. ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. लांबलचक आलापाला जागाच नाही. कवितेला मात्र तेवढा वेळ पुरतो. मला तर ही अडचण फायद्याचीच वाटते. खरखर येईल, पण स्किप करू नका. हेडफोन लावून शब्दांकडे कान द्या. ‘शीळ’ हा संग्रह छापून आला थेट १९५४ साली. म्हणजे पुस्तकाच्या बावीस वर्षं आधीच कविता लोकांच्या कानात होती.