राणीचे अश्रू आणि राणीचा कारभार

युरोपच्या इतिहासातील राज्यकर्त्या स्त्रियांची चरित्रे वाचताना एक गोष्ट मला वारंवार खटकते. राजाचे चरित्र असले, की त्यात लढाया, तह आणि महसूल यांचा हिशेब असतो. राणीचे असले, की त्याच जागी अश्रू, मातृत्व आणि प्रेमप्रकरणे येऊन बसतात. ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

पुत्र नसल्यास मुलीला वारसा मिळावा, असे फर्मान तिचा पिता सम्राट सहावा चार्ल्स याने १७१३ सालीच काढले होते. युरोपातील बहुतेक राजांची त्याला संमतीही मिळविली होती. परंतु ऑक्टोबर १७४० मध्ये तो वारला आणि दोन महिन्यांच्या आत प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिकने सायलेशिया प्रांतावर स्वारी केली. मारिया थेरेसा त्या वेळी अवघी २३ वर्षांची होती.

जून १७४१ मध्ये प्रेसबर्ग, म्हणजे आजचे ब्रातिस्लाव्हा, येथे तिला हंगेरीचा राज्याभिषेक झाला. तोही तेथील रिवाजाप्रमाणे 'राजा' म्हणून. सप्टेंबरात तिने हंगेरियन सरदारांकडे मदत मागितली. चित्रांतून ती तान्ह्या जोसेफला घेऊन उभी दिसते आणि सरदार तलवारी उपसून शपथ घेताना दिसतात. वस्तुतः बाळाला तेथे आणले गेले ते तिच्या भाषणानंतर काही दिवसांनी. शिवाय करमाफीसारखे आपले जुने हक्क कायम राहावेत, ही सरदारांची मागणी होती व ती तिने मान्य केली. तेव्हा हा नुसता मातेच्या अश्रूंचा प्रभाव नव्हे. तो रोखठोक राजकीय सौदा होता.

१७४८ च्या तहात सायलेशियाचा बहुतेक भाग गेलाच. त्यानंतर हाउगविट्झ या मंत्र्याच्या साहाय्याने तिने ऑस्ट्रिया व बोहेमियातील सरदारांच्या जमिनींवरही कर बसविला. १७७४ मध्ये तर मुलगे व मुली दोघांनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारा कायदा केला. तिला सोळा अपत्ये झाली, हे चरित्रकार आवर्जून सांगतात. घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या माझ्यासारखीला मात्र शाळांचा तो कायदा अधिक मोलाचा वाटतो.

तथापि दुसरी बाजूही आहे. प्रागमधील ज्यूंना शहर सोडण्याचा हुकूम याच राणीने १७४४ च्या अखेरीस दिला. ऐन थंडीत हजारो कुटुंबांवर घरदार सोडण्याची पाळी आली. परतण्याची परवानगी मिळाली ती १७४८ मध्ये. 'प्रेमळ राष्ट्रमाता' या प्रतिमेत ही गोष्ट बसत नाही, म्हणून ती सहसा गाळली जाते.

म्हणजे त्या गोड प्रतिमेने राणीचे कर्तृत्वही झाकले जाते आणि तिचा अन्यायही. यापुढे एखाद्या राणीचे चरित्र हाती घ्याल, तेव्हा ती किती रडली हे जरूर वाचा. पण तिने कर कोणावर बसविला, शाळा कोणासाठी काढल्या आणि कोणाला देशोधडीला लावले, हे आधी शोधा. राजांच्या बाबतीत आपण तेच करतो.